कुठल्या रांगेतून बघायची हाय ही गाडी? : सांगलीच्या अण्णांना जाहीर आभारपत्र

ट्रॉय, मिशिगन

तीर्थस्वरूप अण्णा यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

पत्र असं चारचौघांत लिहितोय म्हणून रागावू नका. घरी येऊन आभार मानायला गेलो की तुम्ही "चहा घे आधी" म्हणून विषयच संपवता. मागच्या खेपेला तेच झालं. शिवाय इथे माझी वुडी, म्हणजे लाकडी बॉडीच्या जुन्या मोटारीची छोटी प्रतिकृती, बघून ज्याने त्याने विचारलं की हे लाकूड रंगवायला तुला कुणी शिकवलं, आणि दर वेळी मी "आमच्या गावचे एक नाटकवाले आहेत" एवढ्यावरच भागवलं. ते अर्धवट उत्तर आज पुरं करतो.

वाचणाऱ्यांपैकी सगळेच काही माझ्यासारखे रिकामटेकडे नसतील, म्हणून थोडं सांगतो. मी प्लॅस्टिकच्या गाड्या जोडतो. माप १/२५, म्हणजे पाच मीटरची गाडी वीस सेंटिमीटरची होऊन टेबलावर येते. नोकरीपायी ज्या गावात येऊन पडलो, ते ट्रॉय म्हणजे या छंदाची पंढरीच निघाली. अशा छोट्या गाड्या बनवणारी एएमटी नावाची कंपनी १९४८ मध्ये सुरू झाली आणि नंतर याच गावात वाढली. याच धंद्यातली एमपीसी इथून जवळच्या माउंट क्लेमेन्सची, जो-हॅन डेट्रॉइटची. खऱ्या गाड्यांचे कारखाने शेजारी असल्यामुळे नवं मॉडेल आलं की त्याची छोटी प्रतिकृती विक्रेत्यांच्या काउंटरवर हजर. गिऱ्हाइकाला रंग दाखवायला ती उपयोगी पडायची, आणि बाबा गाडी घेईपर्यंत पोराला गप्प बसवायलाही. त्यातूनच १९५८ पासून एका खोक्यात तीन तऱ्हांनी जोडता येणारी वार्षिक किटं, म्हणजे त्या त्या वर्षीच्या गाडीच्या सुट्या भागांचे संच, आली.

आणि या सगळ्यात मला वेड लागलं ते स्टेशन वॅगनचं, म्हणजे छत पार मागपर्यंत गेलेल्या आणि मागे सामानाला जागा असलेल्या मोटारीचं. का, ते मला नीट सांगता येत नाही. पुण्यात टाटांनी १९९२ मध्ये एस्टेट नावाची अशी वॅगन काढली तेव्हा मी शाळेत होतो. आमच्या गल्लीत एकाने ती घेतली, आणि मागचं दार वर उचलून त्यात आम्ही सात पोरं बसून हरिपूरला गेलो होतो. बहुतेक तेच डोक्यात राहिलं असावं.

अण्णा, तुम्हाला आठवतं का, मी पहिल्यांदा "स्टेशन वॅगन" म्हटल्यावर तुम्ही विचारलं होतं, "स्टेशनचा काय संबंध?" मी सांगितलं की पूर्वी आगगाडीतून उतरलेली माणसं आणि त्यांच्या ट्रंका हॉटेलात पोचवायला अशा गाड्या असायच्या, त्यावरून हे नाव. तुम्ही लगेच म्हणालात, "म्हंजे मिरज स्टेशनचा टांगा की." त्या दिवसापासून माझ्या बायकोने माझ्या सगळ्या गाड्यांना टांगे म्हणायला सुरुवात केली, ती आजपर्यंत.

वॅगनचं किट अवघड का, तर लपवायला जागाच नाही. साध्या सेडानमध्ये मागची सीट काळपट रंगवली तरी खपून जातं. वॅगनला चारी बाजूंनी काच. छताच्या आतलं अस्तर, मागच्या सामानाच्या जागेवरच्या पट्ट्या, उलट तोंडाची तिसरी सीट असेल तर तीही, सगळं दिसतं. काचा चिकटवताना मी एकदा झटपट चिकटणारा गोंद वापरला. त्याच्या वाफेने आतून सगळ्या काचांवर पांढरं धुकं चढलं, आणि बॉडी बंद झाल्यावर हात आत जाईना. तेव्हापासून काचांना पांढरा फेव्हिकॉल. वाळला की दिसत नाही आणि चुकला तर पाण्याने निघतो. हे मात्र मी तुम्हाला शिकवलं, एवढं श्रेय माझं.

पण माझं खरं दुखणं होतं लाकूड. रेव्हेल कंपनीचं १९४८च्या फोर्ड वुडीचं किट मी दोन वर्षांत तीनदा रंगवलं आणि तीनदा रंग उतरवला. पहिल्यांदा उताविळीने नुसत्या प्लॅस्टिकवर जहाल लॅकर मारलं, तर पृष्ठभागाला सुरकुत्या पडल्या. दुसऱ्यांदा बारीक ब्रशने एकेक रेघ ओढली, भिंग लावून, तीन रात्री. झालं काय, तर झेब्रा. तिसऱ्यांदाही झेब्राच, फक्त जरा गरीब झेब्रा. शेवटी ती बॉडी मोज्यात गुंडाळून सुटकेसमध्ये टाकली आणि डिसेंबरात सांगलीला आलो. बाबा म्हणाले, "अण्णांना दाखव. जन्मभर खोटी दारं रंगवलीत त्यांनी."

तुमच्या गावभागातल्या घराचा तो माळा अजून डोळ्यांपुढे आहे. २०१९च्या पुरात खालचं सगळं गेलं, पण माळ्यावरचा ब्रशांचा डबा वाचला, हे तुम्ही जणू कुणी नातेवाईक वाचल्यासारखं सांगितलंत. मग चष्मा न लावताच माझी गाडी हातात घेतलीत, हात लांब केलात आणि विचारलंत, "कुठल्या रांगेतून बघायची हाय ही?"

मला प्रश्नच कळला नाही. तुम्ही समजावलंत की नाटकाचा फ्लॅट, म्हणजे रंगमंचावरची रंगवलेली खोटी भिंत, कधी नाकासमोर धरून रंगवायचा नसतो. पाचव्या रांगेतल्या माणसाला जे दिसतं ते रंगवायचं. पहिल्या रांगेतल्याला जरा भडक वाटलं तर वाटू दे, शेवटच्याला दिसलंच नाही तर मात्र पैसे फुकट.

रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या मी हिशेब केला. टेबलावरची गाडी आपण साधारण तीस सेंटिमीटरवरून बघतो. त्याला पंचवीसने गुणलं की साडेसात मीटर. म्हणजे माझी वुडी बघणारा माणूस खऱ्या गाडीपासून साडेसात मीटरवर उभा आहे, तुमच्या हिशेबात पाचव्या-सहाव्या रांगेत! तिथून लाकडाचा एकेक रेषा दिसतो का कुणाला? दिसते ती रंगाची चढउतार, एक फळी तांबूस, शेजारची पिवळट. आणि मी जी एक मिलिमीटरची रेघ भिंग लावून ओढत होतो, ती खऱ्या गाडीवर अडीच सेंटिमीटर रुंद झाली असती. असं झाड अजून उगवायचंय.

दुसऱ्या दिवशी तुम्ही रीतसर शिकवलंत. प्लॅस्टिकचे चमचे आणायला लावलेत, "गाडीवर नको, यावर मर" म्हणून. ती पद्धत इथे लिहून ठेवतो, कारण मला विचारणारे बरेच आहेत. खाली फिकट बदामी ॲक्रिलिकचा थर, आणि तो पुरता वाळू द्यायचा. वर तैलरंगातला तांबूस तपकिरी बर्न्ट सिएना, त्यात किंचित गडद तपकिरी बर्न्ट अंबर, नखावर मावेल एवढाच. मग कातरून खुरटा केलेला कोरडा ब्रश एकाच दिशेने ओढायचा, न थांबता, आणि दर ओढीला फडक्यावर पुसायचा. ब्रश जे सोडून जाईल ते लाकूड. हाताने वेगळं काही काढायचं नाही. चुकलं तर टर्पेंटाइनच्या बोळ्याने तैलरंग पुसून टाकायचा, खालच्या ॲक्रिलिकला धक्का लागत नाही. अठरा चमचे फुकट गेले. एकोणिसावा तुम्ही उजेडात धरलात, काही बोलला नाहीत आणि खिशात टाकलात. तो परत मागायला मी विसरलो नाहीये.

मला वाटलं जमलं. तेव्हा तुम्ही गाडीच्या दारावर बोट ठेवलंत. उभी पट्टी, आडवी पट्टी, मधली फळी, सगळ्यांवर मी रेषा एकाच दिशेला ओढल्या होत्या. "सुतारानं हे दार एका फळीतनं कापलंय व्हय?" उभ्या दांड्याला उभे रेषे, आडव्याला आडवे, आणि जिथे दोन तुकडे भेटतात तिथे सांध्याची बारीक काळपट रेघ. काळी नाही, गडद तपकिरी, काळी रेघ लांबून भोकासारखी दिसते म्हणालात. इतकी वर्षं मी या गाड्यांचे फोटो बघतोय, पण त्या गाडीला सुतार होता हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं.

आणि सुतार होतेच, अण्णा. तुम्ही विचारलंत ही लाकडं कुठली, तेव्हा मला नीट सांगता आलं नाही, म्हणून परत आल्यावर उन्हाळ्यात मुद्दाम आयर्न माउंटनला जाऊन आलो. मिशिगनच्या वरच्या द्वीपकल्पात, इथून दिवसभराचं ड्रायव्हिंग. हेन्री फोर्डने १९२० मध्ये तिथे जंगल घेतलं आणि लाकडाचा कारखाना काढला. वुडीच्या बॉड्या तिथेच तयार व्हायच्या. चौकट मेपलची किंवा बर्चची, फिकट. आतल्या फळ्या बऱ्याचदा महोगनीच्या, तांबड्या. तुम्ही चमच्यावर दोन वेगळे रंग करायला लावलेत ते न बघताच बरोबर होतं. कापताना उरलेल्या ढलप्या वाया जाऊ नयेत म्हणून फोर्डने त्यांचे दाबून कोळसे करून विकले. पुढे त्या कोळशाला किंग्सफर्ड हे नाव पडलं आणि आजही इथे कुणाच्या अंगणात बार्बेक्यू पेटला की पिशवीवर तेच नाव असतं. हे ऐकून तुम्ही फोनवर म्हणाला होतात, "लाकूडवाल्याचा जीव भुशात असतोय."

त्या लाकडाचे हालही होते म्हणा. पावसात सांधे सुटायचे, मालकाला पुन्हा पुन्हा वॉर्निश लावावं लागायचं. म्हणून पत्रा आला. फोर्डच्या कंट्री स्क्वायर या वॅगनची १९५१ची गाडी खऱ्या लाकडाची शेवटची. १९५२ पासून पत्र्याची बॉडी आणि वर लाकडाचं चित्र छापलेला डाय-नॉक नावाचा पातळ थर. इथूनच तुमची दुसरी शिकवणी सुरू झाली, आणि माझ्या मते तीच मोठी.

साठच्या दशकातल्या कंट्री स्क्वायरची रेझिनमध्ये ओतलेली बॉडी मी मागवली होती. आली ती पिळवटलेली. गरम पाण्यात बुडवून, हाताने दाबून सरळ केली आणि खाली एएमटीच्या फोर्ड गॅलक्सी किटातली चेसिस बसवली. लाकडाच्या भागावर तुमची पद्धत इमानदारीने वापरली, आणि मोठ्या अभिमानाने व्हिडिओ कॉलवर दाखवली. तुम्ही बराच वेळ बघितलंत. मग विचारलंत, "ह्यो लाकूड हाय का लाकडाचा कागद?"

कागद, मी म्हटलं.

"मग लाकूड कशाला रंगवलंस? कागद रंगव."

मला हसू आलं, आणि मग हसू थांबलं. छापील कागदाला सांधे नसतात. छापलेलं लाकूड पत्र्याच्या वळणावरून तसंच पुढे जातं, दाराच्या फटीपाशी तुटतं आणि पलीकडे जसंच्या तसं सुरू होतं. त्याला वॉर्निशची खोली नसते, सपाट चमक असते. थोडक्यात, ते खोटं दिसायला हवं, पण जेवढं फोर्डने खोटं केलं होतं तेवढंच. मी माझ्या हौसेपायी ती गाडी खऱ्यापेक्षा खरी करून ठेवली होती. रंग उतरवला. या वेळी रेषा सलग, बारीक, गुळगुळीत आणि वर अर्धवट चमकीचा एकसारखा हात. कडेच्या फिकट पट्ट्या वेगळ्या रंगवल्या, पण त्यांनाही जोड दाखवले नाहीत. आता दोन्ही गाड्या शेजारी ठेवल्या की कुणालाही न सांगता कळतं, कुठली सुताराची आणि कुठली छापखान्याची.

बारीकसारीक बरंच आहे. १९५५च्या शेव्हरोले नोमॅड या वॅगनच्या मागच्या दारावर क्रोमच्या सात उभ्या पट्ट्या असतात. त्यांवर धातूचा पातळ वर्ख चिकटवून नव्या पात्याने कापायचा असतो. तो वर्ख तुम्ही नाटकातल्या मुकुटांवर लावत आलात, म्हणून कापसाच्या बोळ्याने मधून कडेकडे दाबायची युक्ती तुमचीच. आणि तो प्रश्न, "ठेवणार कुठल्या उजेडात?" माझ्या कपाटात पांढरे एलईडी दिवे होते, त्यात तुमचा सिएना विटका दिसायचा. पिवळट दिवे लावले, महोगनी परत महोगनी झाली. बायकोचं म्हणणं, हा खर्च तुमच्या खात्यात मांडायचा.

मार्चमध्ये वुडी इथल्या एका प्रदर्शनात ठेवली होती. एक वयस्कर गृहस्थ आले, जन्मभर गाड्यांच्या कारखान्यात काम केलेले. वाकून नाक टेबलाला टेकवलं आणि विचारलं, खरं व्हेनियर, म्हणजे लाकडाचा पातळ पापुद्रा, चिकटवलंयस का? मी त्यांना दोन पावलं मागे सरकायची विनंती केली. का, ते इंग्रजीत समजावताना माझी तारांबळ उडाली, कारण "रांग" या शब्दात तुमचं जे आहे ते तिथे काही येईना.

नाताळात येतोय. सोबत कंट्री स्क्वायर आणतो, वुडी इथेच राहील, विमानात तिची धास्ती वाटते. फोटो वेगळे पाठवलेत. वुडीच्या मागच्या दाराच्या आतल्या अंगाला, डाव्या बिजागरीखाली, एक आडवी पट्टी उभ्या रेषांची झालीय. बॉडी बंद केल्यावर लक्षात आलं. पहिल्याच फोटोत तुम्ही पकडाल, म्हणून आधीच सांगून टाकतो.

काकूंना नमस्कार.

तुमचा,
टांगेवाला