‘शट डाउन’ म्हणजे बंद नव्हे

महोदय,

माझ्या लॅपटॉपवर विंडोज आणि लिनक्स या दोन्ही संगणकप्रणाली आहेत; सुरू करताना त्यांतली एक निवडता येते. मध्यंतरी लिनक्समधून वायफाय अचानक गायब झाले. विंडोजमध्ये मात्र ते सुरळीत चालू होते. दुरुस्तीवाल्याने उभ्याउभ्याच निदान केले, ‘वायफायचं कार्ड गेलंय, बदलावं लागेल. आणि ते लिनक्स काढून टाका.’ विंडोजमध्ये चालणारे कार्ड गेले कसे, हे विचारल्यावर उत्तर मिळाले नाही.

मी आयुष्यभर भौतिकशास्त्र शिकवले, त्यामुळे तपासल्याशिवाय चैन पडेना. टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा लिहायच्या खिडकीत, जोडलेल्या भागांची यादी दाखवणारी ‘एलएसपीसीआय’ (lspci) ही आज्ञा लिहिली, तर यादीत कार्ड हजर. वायफाय मुद्दाम बंद केले आहे का ते सांगणाऱ्या ‘आरएफकिल’मध्ये (rfkill) कुठलाही अडसर नाही. प्रणालीच्या गाभ्याच्या नोंदी दाखवणाऱ्या ‘डीमेसेज’मध्ये (dmesg) मात्र ड्रायव्हर (कार्ड चालवणारा प्रोग्राम) कार्डाला उठवायला गेल्याची आणि कार्डाने दाद न दिल्याची नोंद होती. मग वही घेतली आणि प्रत्येक वेळी काय केले ते लिहीत गेले. विंडोज ‘रीस्टार्ट’ करून लिनक्समध्ये गेले की वायफाय चालू. ‘शट डाउन’ करून गेले की बंद. चार वेळा केले, चारही वेळा हेच!

कारण ‘फास्ट स्टार्टअप’. २०१२ साली विंडोज ८ बरोबर ही सोय आली. ती चालू असेल तर ‘शट डाउन’ केल्यावर विंडोजचा गाभा बंद होत नाही. तो डिस्कवर साठवून ठेवला जातो. त्यात काही कार्डे अर्धवट अवस्थेत अडकतात. ‘रीस्टार्ट’मध्ये सगळे पहिल्यापासून सुरू होते. कंट्रोल पॅनलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन मी ‘फास्ट स्टार्टअप’पुढची खूण काढली आणि वायफाय परतले. (अशा अर्धवट बंद विंडोजच्या पार्टिशनवर (डिस्कच्या तिच्यासाठी राखलेल्या भागावर) लिनक्समधून काही लिहिणे तर त्याहून धोक्याचे, फायली खराब होऊ शकतात.)

दर वेळी कारण हेच असेल असे नाही. कधी फर्मवेअरची, म्हणजे कार्डाच्या आत चालणाऱ्या प्रोग्रामची, फाइल नसते, कधी ‘सिक्युअर बूट’ ही संगणक सुरू होतानाची सुरक्षा-सोय डिजिटल सही नसलेला ड्रायव्हर अडवते. पण तेही ‘डीमेसेज’ वाचले तर बहुधा कळते, आणि ते वाचायला पाच मिनिटेही लागत नाहीत. तेवढे न करता चांगले कार्ड भंगारात काढायला सांगणे मला मुळीच पटत नाही.

‘शट डाउन’च्या बटणाशेजारीच ‘पूर्ण बंद’ असा वेगळा पर्याय द्यायला काय हरकत आहे? आज त्यासाठी शिफ्टची कळ दाबून धरावी लागते, आणि ते पडद्यावर कुठेही लिहिलेले नसते. आपल्या तंत्रज्ञान पुरवणीत हा विषय सविस्तर यावा, ही विनंती.

– एक निवृत्त शिक्षिका