सूचना: हंगामाची शेवटची फेरी आणि राहिलेली स्कोअरकार्डं

सर्व सदस्यांना नमस्कार.

येत्या रविवारी आपल्या गोल्फ लीगची या हंगामातली शेवटची फेरी आहे. ९ होलचीच आहे, पण हल्ली अंधार लवकर पडतो, तेव्हा वेळेवर या. येणार नसाल तर शुक्रवारपर्यंत कळवा, जोड्या लावायच्या आहेत.

मागच्या फेरीची तीन कार्डं अजून माझ्याकडे आलेली नाहीत. एक आलंय ते पावसात भिजलेलं. सातव्या होलला ४ लिहिलेत की ९, देव जाणे! कार्डावर खेळाडू आणि मार्कर (त्याचा स्कोअर लिहिणारा), दोघांच्याही सह्या हव्यात. हँडिकॅप (खेळाडूची पातळी दाखवणारा आकडा) शेवटच्या २० पैकी सर्वांत चांगल्या ८ फेऱ्यांवरून निघतो, त्यामुळे फसलेल्या फेरीचं कार्डही बिनधास्त द्या.

हरवलेला चेंडू ३ मिनिटंच शोधायचा. ५ मिनिटांची मुभा २०१९ मध्येच गेली, तरी झुडपात शिरून बसणारे आपल्यात आहेतच (त्यात मीही आलो).

बक्षिसं खेळ संपल्यावर लगेच, शेवटच्या ग्रीनपाशी. कोणाचा पटर (चेंडू होलमध्ये ढकलायची काठी) उसना नेला असेल तर आठवणीने आणा. माझ्या गाडीत एक काळी छत्री आणि डाव्या हाताचा ग्लव्ह महिनाभर पडून आहे. ज्याचा असेल त्याने न्यावा.