क्लायंट किती काळ जगतो हे विचारणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार. त्या दिवशी घाईत नुसतं ‘थँक्यू’ म्हणून फोन ठेवला. ते पुरेसं नव्हतं, म्हणून हे पत्र, आणि तेही सगळ्यांना वाचता यावं असं. क्लायंट म्हणजे इथे ग्राहक नव्हे, तर बाहेरच्या सेवेला विनंती पाठवणारा कोडमधला ऑब्जेक्ट.

आमच्याकडे आलेला प्रोजेक्ट जुना. गर्दी वाढली की बाहेरच्या सेवेकडे जाणारे कॉल धडाधड फेल व्हायचे. सीपीयू शांत, मेमरी ठीक. समोरचे म्हणायचे, आमचा सर्व्हर व्यवस्थित आहे. रीस्टार्ट केलं की तेवढ्यापुरतं थांबायचं. तुम्ही लॉग बाजूला ठेवलेत आणि नेटस्टॅट, म्हणजे नेटवर्क कनेक्शन्सची यादी दाखवणारी कमांड, चालवायला सांगितलंत. पडदाभर एकाच पत्त्याच्या ओळी, प्रत्येकीपुढे ‘टाइम वेट’, म्हणजे बंद होऊनही थांबून राहिलेलं कनेक्शन. प्रत्येक मेथडमध्ये नवा एचटीटीपीक्लायंट (डॉट नेटमधला असा क्लायंट) बनत होता आणि काम झालं की डिस्पोज होत होता, म्हणजे टाकून दिला जात होता. कोड वाचायला स्वच्छ, पण कनेक्शन बंद झाल्यावरही त्याचा पोर्ट (आपल्या मशीनवरचा त्याचा क्रमांक) लगेच मोकळा होत नाही. लिनक्सवर तो ६० सेकंद अडकून राहतो, आणि गर्दीत पोर्ट संपले की नवे कॉल फेल.

मग ॲपभर कायम राहणारा एकच स्टॅटिक क्लायंट ठेवून टाकू, असं मी म्हणालो. बहुतेक लोक ‘ठेवा’ म्हणाले असते. तुम्ही विचारलंत, “उद्या त्यांचा आयपी बदलला तर याला कोण सांगणार?” उघडं कनेक्शन जिवंत आहे तोवर डीएनएस (नावावरून आयपी पत्ता सांगणारी यंत्रणा) पुन्हा तपासलं जात नाही, हे तेव्हा नीट उमगलं. एएसपी डॉट नेट कोअर २.१ पासून, म्हणजे २०१८ पासून, क्लायंट बनवून देणारी फॅक्टरी आहे ती याचसाठी: क्लायंट हलका, कितीही बनवा, प्रत्यक्ष कनेक्शन्स धरणारा जड हँडलर मात्र फॅक्टरी सांभाळते आणि डीफॉल्टनं दोन मिनिटांनी बदलते.

आता सगळं कॉन्फिगरेशन रजिस्ट्रेशनमध्ये, म्हणजे ॲप सुरू होताना कुणाला काय द्यायचं ते नोंदवणाऱ्या कोडमध्ये, एका जागी आहे. बेस ॲड्रेस, म्हणजे सेवेचा मूळ पत्ता, सेटिंग्जमधून येतो, ओळख पटवणारं टोकन लावायला वेगळा हँडलर आहे, टाइमआउट डीफॉल्ट १०० सेकंदांवरून १० वर आणला. कॉल करणारी आमची सर्व्हिस कन्स्ट्रक्टरमध्ये, म्हणजे स्वतः बनतानाच, तयार क्लायंट मागते, तो कसा बनला याच्याशी तिला देणंघेणं नाही. टेस्टमध्ये खोटा हँडलर दिला की नेटवर्कची गरजच उरत नाही. आणि तो स्लॅश! बेस ॲड्रेसच्या शेवटी नसला, तर ‘एपीआय/व्ही१’ मधला ‘व्ही१’ गुपचूप गळून पडतो आणि हाती येतो ४०४. तुम्ही नुसता कोड बघून तो पकडलात.

पण सर्वांत जास्त आभार सिंगलटनबद्दल, म्हणजे ॲपभर एकदाच बनणाऱ्या ऑब्जेक्टबद्दल. आमचा बॅकग्राउंड वर्कर ॲप सुरू असेपर्यंत जगतो आणि त्याच्या कन्स्ट्रक्टरमध्ये टाइप्ड क्लायंट (फॅक्टरीचा क्लायंट आत असलेला आमचा क्लास) दिलेला होता. म्हणजे फॅक्टरी वापरूनही तोच हँडलर कायम धरून ठेवलेला. तक्रार आली नव्हती, एररही नव्हती. “कोण कोणाला किती काळ धरून बसलंय ते बघा,” एवढंच म्हणालात. आता वर्कर फॅक्टरी मागतो आणि दर फेरीला नवा क्लायंट घेतो. रजिस्ट्रेशनची प्रत्येक ओळ मी तेव्हापासून याच प्रश्नानं वाचतो, आणि टीममधली नवी मुलंही.

तुमचं हे काम नव्हतं. तुमची टीम वेगळी, तुमची डेडलाइन वेगळी. तरी तुम्ही बसलात, उत्तर हातात न देता माझ्याकडूनच काढून घेतलंत. मनापासून आभार.

रीट्राय, म्हणजे फेल झालेला कॉल आपोआप पुन्हा करणं, अजून लावायचा आहे. ऑर्डर पाठवणाऱ्या पोस्ट कॉलला डोळे मिटून लावायचा नाही, नाहीतर एकच ऑर्डर दोनदा जाईल, हे तुमचं सांगणं लक्षात आहे. ते झालं की कोड तुमच्याकडेच पाठवतो.

तुमचा,
पलीकडच्या टीममधला सहकारी