बारा मिनिटांचा कप्तान

नाशिक,
२० मे २००९

चि. सौरभ यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तू पोचल्याचं मला नंदूमावशीकडून कळलं. पोचलास, बरं झालं, त्यावर मी काही लिहिणार नाही. हे पत्र आपण पाहिलेल्या नव्या 'स्टार ट्रेक' सिनेमाबद्दल आहे, जुन्या अंतराळ-मालिकेवरच्या. "तुला नवीन काही आवडतच नाही," असं म्हणून तू ताटावरून उठलास आणि हेल्मेट उचललंस. माझं म्हणणं राहूनच गेलं. फोनवर आपलं धड बोलणं होत नाही, म्हणून लिहिते.

मला सिनेमा आवडला. नवा स्पॉक तर लगेच पटला. डॉक्टर मॅकॉय बोलायला लागला की डोळे मिटले तरी चालेल, इतका जुन्यासारखा. आणि जहाजाच्या कॉम्प्युटरचा आवाज ओळखलास का? ती मजेल बॅरेट. मालिका काढणाऱ्या जीन रॉडनबेरीची बायको. १९६६ च्या मालिकेत नर्स चॅपल तीच, कॉम्प्युटरचा आवाजही तिचाच. या सिनेमासाठी आवाज देऊन गेल्या डिसेंबरात ती गेली. तो आवाज आला तेव्हा मी तुझा हात धरला. तुला वाटलं मला एसी लागतोय, तू जॅकेट दिलंस.

आता खटकलं ते. नायक कर्क कॅडेटचा एकदम जहाजाचा कप्तान कसा होतो? ओझरच्या कारखान्यात मिग विमानाच्या एखाद्या भागावर आपली सही चालावी म्हणून बाबांनी किती वर्षं काढली, ते मी पाहिलंय. आणि स्पॉकचा ग्रह, व्हल्कन, उडवायला नको होता. सहा अब्जांचा ग्रह गिळला जातो आणि पुढच्या क्षणी परत धावाधाव. आम्ही रविवारी सकाळी दूरदर्शनसमोर बसायचो ते मॅकॉय आणि स्पॉक भांडायचे, मधे कर्क ऐकत बसायचा आणि मग ठरवायचा, ते बघायला. या कर्कला ऐकायला वेळच नाही. तू घरातून निघालास तेव्हा साडेनऊ वाजून गेले होते, सौरभ. सिन्नर सुटलं की त्या रस्त्यावर काय ट्रक असतात, तुला माहीत आहे.

असो.

जुने चाहते चिडलेत, चाळीस वर्षांच्या गोष्टी पुसून टाकल्या म्हणून. मला तसं वाटत नाही. तो खलनायक नीरो काळात मागे आला, तिथून दुसरा फाटा फुटला. पहिला फाटा जिथल्या तिथे आहे, म्हातारा स्पॉक तिकडूनच तर आलाय. त्या बर्फाच्या ग्रहावर कर्क त्याला वडिलांचं विचारतो. तो सांगतो, आमच्याकडे तुझे वडील होते, तू एन्टरप्राइझ जहाजाचा कप्तान झालेला त्यांनी अभिमानाने पाहिला. मी रडले ती तिथे. तुला वाटलं, इतक्या वर्षांनी जुना स्पॉक, लिओनार्ड निमॉय, दिसला म्हणून. तोही आनंद होताच. पण एक असं जग आहे जिथे तो बाप घरी आला, एवढंच माझ्या डोक्यात राहिलं.

म्हणून मला कप्तान पाइकचा राग आला. बारमध्ये मार खाऊन बसलेल्या तरुण कर्कला तो म्हणतो, तुझा बाप बारा मिनिटं कप्तान होता आणि त्याने आठशे जीव वाचवले, तू याहून चांगलं करून दाखव. पोरांना हे कुणी सांगू नये. तुझ्या मुंजीत अण्णाकाकांनी सगळ्यांसमोर हेच सांगितलं होतं, बापासारखा हो. सोमेश्वरला बाबांनी त्या दोन पोरांना पाण्यातून बाहेर काढलं, हे गाव अजून सांगतं. सांगू दे. तू त्याच्याशी बरोबरी करायची नाहीस.

आणि कर्कची आई कुठे गेली? शटलमध्ये बाळंत होते, नवऱ्याशी शेवटचं बोलताना दोघं मिळून पोराचं नाव ठरवतात, आणि मग ती सिनेमातून नाहीशीच. पोरगा जुनी कॉर्व्हेट खाणीच्या कड्यापर्यंत पळवतो तेव्हा फोनवर ओरडणारा माणूस वेगळाच, आई म्हणे दुसऱ्या ग्रहावर. कर्क कड्याला लोंबकळत होता तेव्हा तू शिट्टी मारलीस. मी तुझ्याकडे बघत होते. बापाच्या बारा मिनिटांवर एवढा सिनेमा उभा केला, त्यानंतरची वर्षं कुणी काढली ते विचारायला कुणाला सुचलं नाही.

चंदनापुरी घाटाचं मला कळलंय. तू नाही सांगितलंस, तुझ्या रूमवरच्या नगरच्या मुलाने बोलता बोलता सांगितलं. रात्री गाडी थांबवून त्या क्लीनरला संगमनेरला दवाखान्यात नेलंस, त्याचे घरचे येईपर्यंत बसून राहिलास. ऐकून माझी छाती भरून आली. शेजारी कुलकर्णीबाईंना सांगायला गेले, आणि त्यांच्या दारात सांगता सांगता माझे पाय गळाले. घाटात, अंधारात, रस्त्याच्या मधोमध तू उभा होतास.

सफरचंद खात परीक्षा देणारा कर्क तुला आवडला. कोबायाशी मारू, जिंकताच येऊ नये म्हणून बनवलेली परीक्षा, आणि हा आतून प्रोग्रॅम बदलून जिंकतो. पण १९८२ चा दुसरा सिनेमा तू माझ्याबरोबर पाहिला आहेस. काचेपलीकडे स्पॉक मरतो, आणि तेव्हा कर्कला कळतं की आपण आजवर या परीक्षेला बसलोच नव्हतो. या नव्या कर्कला ते अजून कुणी शिकवलेलं नाही. घाटात समोरून ट्रक आला तर आतून काही बदलता येत नाही. गाडी दिवसा चालव, आळेफाट्याला थांबून चहा घे, हेल्मेटचा पट्टा लावत जा, नुसतं डोक्यावर ठेवू नकोस. पुन्हा तेच लिहिलं. रागावू नकोस.

कपाटात एलआयसीच्या फायलीत एक कागद आहे, तुला कधी दाखवला नाही. तू पोटात होतास तेव्हाचा. बाबांनी ग्राफ पेपरवर एन्टरप्राइझ काढली आहे, बाजूने आणि वरून, पेन्सिलीने, मापं घालून. इंजिनं इतकी वर लावली तर जोर वरून लागेल आणि जहाज कोलांटी खाईल, असं त्यांचं म्हणणं. मी म्हटलं, अहो ते रॉकेट नाही, ते अवकाशच वाकवतात. तर खाली माझं वाक्य लिहून पुढे प्रश्नचिन्ह काढलंय, आणि तिथून कोपऱ्यापर्यंत बारीक अक्षरात हिशेब. तो अर्धाच आहे. त्या दिवशी भाग सुरू झाला असणार.

नव्या जहाजाचीही इंजिनं वरच आहेत, मी मुद्दाम पाहिलं. कागदाची झेरॉक्स सोबत पाठवते आहे. तुझ्या कंपनीत एरोवाले कुणी असतील तर हिशेब पुढे न्यायला सांग, नाहीतर तूच बघ, तुझं गणित बाबांपेक्षा चांगलं आहे. मूळ कागद मी देणार नाही. आजीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन पुढच्या शनिवारी ठरलंय, त्याला आलास तर रविवारी पुन्हा सिनेमाला जाऊ. तिकिटं मी काढते. स्पॉकच्या आईबद्दल मला अजून बोलायचंय.

तुझी,
आई