डिजिटल फळा झाकलेलाच

महोदय,

माझी मुलगी कळव्यातील एका शाळेत सातवीत शिकते. तिच्या वर्गात डिजिटल फळा आहे, परंतु तो बिघडल्यावर दुरुस्ती कोणी करायची हेच न ठरल्यामुळे कित्येक महिने झाकून ठेवलेला आहे. बालभारतीच्या पुस्तकांतील क्यूआर कोड स्कॅन केल्यास २०१७ मध्ये सुरू झालेल्या ‘दीक्षा’ या सरकारी ऑनलाइन शिक्षण मंचावरील पूरक साहित्य उघडते; पण फळाच बंद असल्याने ते वर्गाला त्यावर दाखवता येत नाही. पचनसंस्था किंवा ग्रहणे शिकवताना हलत्या चित्रातून जे चटकन उमगते, ते खडूच्या आकृतीतून समजावणे शिक्षकांना कठीण जाते. (गणिताला मात्र वही-पेन्सिलच हवी, असे माझे ठाम मत आहे.) यंत्रखरेदीच्या निविदेतच देखभालीची आणि शिक्षकांच्या प्रशिक्षणाची तरतूद बंधनकारक करावी, ही कळकळीची विनंती.

– एक पालक, कळवा (ठाणे)