या बाटलीत वास नाही, सुधा

रामबाग, इंदूर
१४ डिसेंबर

प्रिय सुधा,

सप्रेम नमस्कार.

परवा काकूंचा फोन आला होता. इकडचं तिकडचं बोलता बोलता त्या सहज म्हणाल्या, "तू दिवाळीला पाठवलेलं लोशन सुधानं दोनच दिवस लावलं गं. हातांची इतकी आग झाली की रात्री गार पाण्यात हात बुडवून बसली होती." फोन ठेवला आणि मी ओट्याशी बराच वेळ नुसती उभी राहिले. मला मात्र तू कळवलं होतंस, "मस्त झालंय, वास तर किती छान!" माझं मन राखलंस. पण चूक माझी होती, ती मला कळायलाच हवी होती. म्हणून हे पत्र आणि सोबतचं पार्सल.

आधी काय चुकलं ते सांगते. तुझ्या शंभर मिलिलिटरच्या बाटलीत मी गवती चहाच्या तेलाचे चाळीस थेंब घातले होते, वर लवंगेच्या तेलाचे दहा. वीस थेंबांचं साधारण एक मिलिलिटर होतं. म्हणजे सुगंधी तेल झालं अडीच टक्के. धडधाकट कातडीलाही ही तेलं एवढी सोसवत नाहीत. गवती चहाच्या तेलात मुख्य असतो सिट्राल, लवंगेच्या तेलात युजेनॉल, आणि दोन्ही झोंबणारे. तुझे हात तर वॉर्डात दिवसभर धुऊन धुऊन भेगाळलेले. वरची कातडीच जागोजागी उघडी पडलेली, तिथे मी हे ओतलं. शिवाय माझी ती तेलाची बाटली वर्षभर अर्धी रिकामी, खिडकीत उन्हाला. बरीच सुगंधी तेलं अशी हवा लागून जुनी झाली की कातडीला जास्तच त्रास देतात. नाकाला काही कळत नाही, वास चांगलाच येत राहतो.

एवढा विश्वास मला कुठून आला, तेही सांगते. 'अरोमाथेरपी' हा शब्द रूढ करणारा गॅटफॉसे नावाचा फ्रेंच रसायनज्ञ. १९१० मध्ये प्रयोगशाळेत त्याचे हात भाजले, त्यानं ते लव्हेंडरच्या तेलात बुडवले आणि ते बरे झाले, अशी गोष्ट मी वाचली होती. मनात पक्कं बसलं की दुखऱ्या हाताला सुगंधी तेल म्हणजे औषधच. परवा रात्री परत शोधून वाचलं. १९३७ च्या पुस्तकात त्यानं स्वतः लिहिलंय ते वेगळंच आहे. अंगावरची आग त्यानं गवतावर लोळून विझवली, आणि लव्हेंडर वापरलं ते नंतर, हातांत गँग्रीन पसरू लागल्यावर. एका माणसाचा, एका भयंकर प्रसंगातला अनुभव. त्यावरून मी तुझ्या हातांचा हिशेब मांडला.

आता पार्सलमध्ये काय आहे ते. पंप असलेली पांढरी बाटली दिवसा, ड्यूटीवर लावायची. तिला कसलाच वास नाही. मी मुद्दाम घातला नाही, आणि तुझे हात भरून येईपर्यंत तूही घालू नकोस. हे लोशन तू स्वतः करायला शिकावंस असं मला मनापासून वाटतं, कारण ते ताजं आणि थोडंच केलेलं बरं. शंभर ग्रॅमला ७१ ग्रॅम डिस्टिल्ड वॉटर, ५ ग्रॅम ग्लिसरीन, १२ ग्रॅम बदामाचं तेल, ५ ग्रॅम कोकमाचं तेल, ६ ग्रॅम इमल्सिफायिंग वॅक्स (तेल आणि पाणी एकत्र धरून ठेवणारं मेण) आणि १ ग्रॅम प्रिझर्व्हेटिव्ह. चमच्यानं मोजू नकोस. मी सराफ्याजवळून सोनारांचा छोटा काटा आणला आणि तेव्हापासून माझं लोशन फाटणं बंद झालं. पाणी आणि ग्लिसरीन एका भांड्यात, तेलं आणि वॅक्स दुसऱ्यात, दोन्ही गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवून सत्तर-पंच्याहत्तर अंशांपर्यंत नीट तापवायची, थर्मामीटर लावून. मग तेलात पाणी ओतून हँड ब्लेंडर फिरवायचा. बघता बघता दुधासारखं पांढरं होतं. तो क्षण मला अजूनही तितकाच आवडतो. आजी काशाच्या वाटीनं तांब्याच्या परातीत तूप शंभर पाण्यांत घोटायची, आठवतं? ते शतधौत घृत असंच पांढरं आणि लोण्यासारखं व्हायचं. तुपाला थोडं थोडं पाणी धरून ठेवायला लावायचं, तेही नुसत्या हातानं.

प्रिझर्व्हेटिव्ह मात्र शेवटी, मिश्रण चाळीस अंशांखाली आल्यावर. यावर तू नाक मुरडशील, मीही मुरडलं होतं. "घरचं आणि त्यात केमिकल कशाला?" म्हणून पहिल्या वर्षी मी गुलाबपाणी आणि कोरफडीचा गर घालून तसंच केलं, आणि पावसाळ्यात नवव्या दिवशी झाकणाच्या आत काळे ठिपके दिसले. जिथे पाणी आहे तिथे बुरशी आणि जंतू येणारच. दिसायच्या आधीही येतात. व्हिटॅमिन ई घातलं की टिकतं असं पुष्कळ जण सांगतात. त्यानं तेल खवट व्हायचं लांबतं, जंतू मरत नाहीत. आणि तू दिवसभर आजारी माणसांना हात लावतेस. तुझ्या बाटलीत मी ही जोखीम घेणार नाही. फिनॉक्सिइथेनॉलवालं वापरते, एक टक्का, त्याहून जास्त नाही. भांडी, बाटल्या, ब्लेंडरचं पातं, सगळं आधी स्पिरिटनं पुसायचं. हे तुला मी काय सांगू!

छोट्या डबीत रात्रीचा मलम आहे. वहिनी सावंतवाडीहून कोकमेलाचे, म्हणजे कोकमाच्या घट्ट तेलाचे, मुटके आणते. तिच्या माहेरी थंडीत टाचांना आणि ओठांना तेच चोळतात. चाळीस ग्रॅम कोकमेल, पन्नास ग्रॅम तिळाचं तेल, दहा ग्रॅम मधमाश्यांचं मेण, एकत्र वितळवून डबीत ओतलं. यात पाण्याचा थेंब नाही, म्हणून प्रिझर्व्हेटिव्हही नाही. ओला हात कधी डबीत घालू नकोस. हात धुऊन अर्धवट टिपायचे, ओलसर असतानाच मलम चोळायचा आणि सुती मोजे चढवून झोपायचं. हा ड्यूटीवर नेऊ नकोस. तेलकट मलमानं लॅटेक्सचे ग्लोव्हज कमकुवत होतात, तुला नकळत फाटतील. आठवड्याभरात भेगा मिटायला लागल्या नाहीत तर तुमच्याच हॉस्पिटलमधल्या त्वचेच्या डॉक्टरांना दाखव. माझ्या डबीची वाट बघत बसू नकोस.

राहिली ती निळी कुपी. ती उघड आणि डोळे मिटून वास घे. आठवीतली ओंकारेश्वरची सहल. सिमरोलचा घाट उतरून बस थांबली होती, आणि तू रस्त्याकडेच्या लालसर तुऱ्यांचं गवत चुरगाळून माझ्या नाकाशी धरलंस आणि म्हणालीस, "मंजू, गवताला गुलाबाचा वास!" ते रोशा गवत होतं, आपण मराठीत तिखाडी म्हणतो ते. त्यात जिरॅनिऑल हे सुगंधी द्रव्य भरपूर असतं, गुलाबातही असतं, म्हणून तो भास. एकोणिसाव्या शतकात निमाड-खानदेशातलं हे तेल मुंबईहून तुर्कस्तानपर्यंत जायचं आणि तिकडे गुलाबाच्या महागड्या अत्तरात मिसळलं जायचं. तू तेरा वर्षांची असताना नाकानं ओळखलंस ते तिकडच्या व्यापाऱ्यांना केव्हाचंच ठाऊक होतं!

कुपीतलं हे तेल हातांना लावायचं नाही. कापसावर दोन थेंब टाक आणि कापूस तुझ्या लॉकरच्या कोपऱ्यात ठेव. नाइट ड्यूटी संपवून कपडे बदलायला लॉकर उघडशील तेव्हा स्पिरिट आणि फिनेलच्या आधी तो वास यावा, एवढंच मला हवंय. सुगंधी तेलानं यापेक्षा मोठं काही होतं असं मी आता कुणाला सांगत नाही. पण एवढं नक्की होतं.

काकूंना नमस्कार. त्यांच्यावर रागावू नकोस, त्यांनी सांगितलं म्हणून बरं झालं. लोशन आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून दोन दिवस बघ, मगच हातांना. आणि या वेळी जराही चुरचुरलं तर पहिला फोन मला कर.

तुझी,
मंजू