ताई, डेटा दारातच तपासायला शिकवलंत त्याबद्दल

ताई,

हे फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर तुम्ही "अरे त्यात काय एवढं" म्हणून विषयच बदलता. म्हणून लिहूनच काढतोय आणि सगळ्यांसमोर लिहितोय, कारण सोलापुरात बसून टॉवेल-चादरीवाल्यांची सॉफ्टवेअरं करणारी आमच्यासारखी अजून बरीच पोरं आहेत, त्यांच्याही कामाला येईल.

गड्ड्याच्या यात्रेला म्हणून सुट्टी काढून आलात आणि त्यातला वेळ आमच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या ऑफिसात घालवलात. ऑर्डरी आमच्याकडे एक्सेलमधून नाहीतर जेसनमधून (प्रोग्रामांनी एकमेकांना डेटा पाठवायची मजकुराची पद्धत) येतात, आणि पाठवणारा प्रत्येक जण आपापल्या पद्धतीनं भरतो. नग कधी आकडा असतो, कधी स्ट्रिंग, म्हणजे नुसता मजकूर. एका बॉक्सात १२ नग आणि बॉक्स ३, तर छत्तीस यायला पाहिजेत ना, पण तो १२ स्ट्रिंग असला तर पायथन, म्हणजे आम्ही कोड लिहितो ती भाषा, गुणाकाराला नाही म्हणत नाही, ती स्ट्रिंगच तीनदा जोडून १२१२१२ देतो, एरर नाही काही नाही, आणि तसंच पुढं पॅकिंग लिस्टपर्यंत जातं.

आणि कोडमधल्या ऑर्डरच्या क्लासमध्ये, म्हणजे ऑर्डरच्या साच्यात, तर नग म्हणजे इंट (पूर्णांक) असं स्वच्छ लिहिलेलं होतं! तुम्ही पहिल्यांदा हीच गाठ सोडवलीत. अशा टाइप हिंट, म्हणजे कुठं कुठल्या प्रकारची व्हॅल्यू यावी याच्या नोंदी, पायथनमध्ये २०१५ ला ३.५ सोबत आल्या तेव्हाच सांगितलं होतं की भाषा डायनॅमिकच राहणार, म्हणजे टाइप प्रोग्राम चालतानाच ठरणार, हिंट सक्तीच्या होणार नाहीत. २०१८ ला ३.७ मध्ये डेटाक्लास आले, ते हिंट वाचून इनिट, म्हणजे नव्या ऑब्जेक्टमध्ये व्हॅल्यू भरणारं फंक्शन, बनवून देतात, पण आत आलेली व्हॅल्यू खरंच इंट आहे का हे बघत नाहीत. टाइप तपासायचं काम मायपाय नावाच्या वेगळ्या टूलचं, पण मायपाय बघतो तो कोड, प्रोग्राम चालताना आलेला डेटा नाही. जेसन वाचणारं फंक्शन परत देतं 'एनी', म्हणजे कुठलाही टाइप, आणि एनी आला की मायपाय काही बोलतच नाही. म्हणजे जिथं धोका सगळ्यात जास्त तिथंच पहारा नाही. हे तुम्ही कागदावर दोन रकाने करून दाखवलंत, कोड लिहिताना कोण तपासतं आणि कोड चालताना कोण तपासतं. तो कागद अजून माझ्या टेबलावर आहे.

तुमचे वडील मागावर होते म्हणून असेल, तुमचं एक वाक्य ऑफिसात सगळ्यांच्या तोंडी बसलंय: ताण्यात धागा तुटला की माग तिथंच थांबवायचा, चादर विणून झाल्यावर बघून काय उपयोग. म्हणून आता ऑर्डरचा ऑब्जेक्ट (क्लासच्या साच्यातून बनलेली एक ऑर्डर) तयार होतानाच, पोस्ट-इनिटमध्ये, म्हणजे इनिटच्या शेवटी आपोआप चालणाऱ्या फंक्शनमध्ये, एकेक फील्ड तपासलं जातं. चुकीचा डेटा असेल तर ऑब्जेक्ट जन्मालाच येत नाही, त्यामुळं आतल्या बिलिंगच्या, स्टॉकच्या कोडला परत परत शंका घ्यायची गरजच उरली नाही. आधी ठिकठिकाणी असर्ट (अट खरी नसेल तर एरर देणाऱ्या ओळी) लावलेले होते, तेही तुम्ही काढायला लावलेत, कारण पायथन ऑप्टिमाइझ मोडमध्ये चालवला की असर्ट सगळे गायब होतात. हे खरं सांगतो इथं कुणालाच माहीत नव्हतं.

बूलचं प्रकरण तर मी आता भेटेल त्याला सांगतो. पायथनमध्ये बूल, म्हणजे ट्रू-फॉल्सचा टाइप, हा इंटचाच सबक्लास (उपप्रकार) आहे, त्यामुळं टाइप विचारणाऱ्या इझइन्स्टन्स फंक्शननं विचारलं की ट्रू हा इंट आहे का, तर उत्तर हो येतं. एखाद्या शीटमध्ये कॉलम एक घर सरकला आणि 'लेबल हवं का' मधला ट्रू नगाच्या जागी आला, तर एक नगाची ऑर्डर म्हणून तो आरामात पास होणार. म्हणून नगाला नेमका इंटच पाहिजे, सबक्लास चालणार नाही. पण आपल्या स्वतःच्या क्लासला उलटं, तिथं इझइन्स्टन्सच बरोबर, कारण जॅकार्ड टॉवेल हा टॉवेलच आहे, टाइपला बरोबरीचं चिन्ह लावून तपासलं तर त्यालाच बाहेर काढाल. एकच प्रश्न, दोन ठिकाणी दोन उत्तरं, आणि दोन्हीमागचं कारण तुम्ही पटवून दिलंत, नुसता नियम सांगून सोडलं नाहीत.

आतल्या लिस्टचंही तसंच. ऑर्डरमधले आयटम ही लिस्ट आहे एवढं तपासून भागत नाही, लिस्टच्या पोटात काय आहे ते इझइन्स्टन्स सांगत नाही, 'इंटांची लिस्ट' असं विचारायला गेलं तर सरळ टाइपएरर देतो. एकेक आयटम उघडून बघावाच लागतो. आणि एकदा तपासलेला ऑब्जेक्ट नंतर कुणी बदलू नये म्हणून फ्रोझन करा म्हणालात, आणि लगेच हेही की फ्रोझन केलं तरी आतली लिस्ट बदलता येते, म्हणून तिथं टपल (एकदा बनली की न बदलणारी यादी) ठेवा. हे दुसरं वाक्य बहुतेक जण सांगत नाहीत.

पायडँटिक (डेटा तपासणारी तयार लायब्ररी) सरळ का नाही वापरायचं असं मी विचारलं होतं. वापरा की म्हणालात, पण ते साध्या मोडमध्ये स्ट्रिंगमधल्या १२ चा आपण होऊन आकडा करतं, स्ट्रिक्ट केलं तर करत नाही, आणि आपल्याला कुठं काय पाहिजे हे आधी हातानं करून कळू दे. पटलं मला, आता कळतंय जास्त.

पण मला विचाराल तर सगळ्यात मोठं काम एरर मेसेजचं झालं. टाइप चुकला तर टाइपएरर, टाइप बरोबर पण नग शून्याखाली तर व्हॅल्यूएरर, आणि पहिल्या चुकीला न थांबता सगळ्या चुका गोळा करून त्यांच्या जागेसकट दाखवायच्या. ऑर्डर घेणाऱ्या काकूंना पायथन येत नाही, पण "चौथ्या आयटमचा नग आकडा नाही, अक्षरं आहेत" असं स्क्रीनवर आलं की त्या स्वतः पार्टीला फोन लावतात, मला हाक मारत नाहीत. त्यांनीही तुम्हाला धन्यवाद सांगितलेत, मुद्दाम लिही म्हणाल्या.

डझन आणि नग वेगळे टाइप करायचं राहिलंय. न्यूटाइपनं, म्हणजे मायपायसाठी टाइपला वेगळं नाव द्यायच्या सोयीनं, केलं तर चालताना तो साधा इंटच राहतो, म्हणून दोन छोटे फ्रोझन क्लास करायला घेतलेत आणि डझनात नग मिळवायला गेलं तर सरळ एरर येईल असं ठेवलंय. बेरीज अडवायची की आपोआप बदलून द्यायची यावर आमच्यात दोन मतं आहेत, मी अडवण्याच्या बाजूचा आहे. पुढच्या वेळी सोलापूरला आलात की बघून सांगा, आणि आई म्हणतेय या वेळी जेवायला घरीच या.

तुमचा,
एमआयडीसीतला भाऊ